स्नायूंच्या इंधनापासून इन्सुलिनपर्यंत : वनस्पतीजन्य आहार व व्यायाम यांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

ऑगस्ट १८६५ मध्ये झ्युरिकचे दोन प्राध्यापक, शरीरक्रियाशास्त्रज्ञ अडॉल्फ फिक आणि रसायनशास्त्रज्ञ योहानेस विस्लिसेनस, स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर चढून गेले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिने वर्ज्य केली होती. मुख्यतः चरबीत तळलेल्या स्टार्चच्या वड्या आणि साखर घातलेला चहा यांवर त्यांनी ही चढाई केली. काम करताना स्नायूंतील प्रथिनेच खर्च होतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांचे मत त्या काळी वजनदार होते आणि कष्टकऱ्याला मांस हवेच, या समजुतीलाही त्याचा आधार मिळत असे. शरीराने वापरलेल्या प्रथिनांतील नायट्रोजन मूत्रात उतरतो; तो मोजून दोघांनी हिशेब मांडला, तेव्हा सुमारे १,९५० मीटर चढण्यास लागलेली ऊर्जा तेवढ्या प्रथिनांतून मिळणे अशक्य असल्याचे दिसून आले.

तरीही मांसाचा दबदबा लगेच ओसरला नाही. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फॉइट यांनी कामकरी पुरुषासाठी सुचवलेले रोज ११८ ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण बराच काळ मान्य राहिले. येल विद्यापीठातील रसेल चिटेंडेन यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्राध्यापक, सैनिक आणि खेळाडू विद्यार्थी याच्या जवळपास निम्म्या प्रथिनांवर महिनोन्‌महिने राहिले आणि त्यांची ताकद घटली नाही. चिटेंडेन शाकाहाराचे प्रचारक नव्हते, पण त्यांच्या आहारात मांस आपोआपच कमी झाले. येलमधीलच अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग फिशर यांनी पुढे मांसाहारी आणि मांस टाळणारे यांच्या दमाची तुलना केली. हात आडवा धरून कोण जास्त वेळ टिकतो, हे पाहण्यात शक्तीइतकीच जिद्दही मोजली जाते, त्यामुळे मांस टाळणाऱ्यांची सरशी सावधपणेच घ्यावी लागते. भक्कम पुरावा १९६७ च्या सुमारास स्वीडनमधून आला. योनास बर्गस्ट्रॉम, एरिक हुल्टमन आणि सहकाऱ्यांनी सुईने स्नायूंचे नमुने काढून दाखवले की, कर्बोदकयुक्त आहाराने स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा वाढतो आणि दमही वाढतो.

आजाराचा धागा मात्र वेगळाच चालला होता. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाला शरीराचा प्रतिसाद सर्वांत सारखा नसतो, हे ब्रिटिश डॉक्टर हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये मांडले आणि अमेरिकी डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये उच्च रक्तदाब, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण आणि मधुमेह यांच्या मुळाशी इन्सुलिनला मिळणारा हा अपुरा प्रतिसाद, म्हणजेच इन्सुलिन-प्रतिरोध, असल्याचे सुचवले. अमेरिकी डॉक्टर डीन ऑर्निश यांच्या १९९० मधील चाचणीत अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, व्यायाम, धूम्रपानत्याग आणि तणावनियंत्रण एकत्र होते आणि अनेक रुग्णांच्या हृदयधमन्यांतील अडथळे थोडे कमी झाले; पण श्रेय कोणाला किती द्यायचे, हे त्या रचनेतून कळणे शक्यच नव्हते.

हा गुंता काही अंशी सोडवला तो प्रागमधील हाना काहलेओव्हा आणि सहकाऱ्यांनी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत टाइप २ मधुमेहाचे ७४ रुग्ण होते. निम्म्यांना जवळजवळ पूर्ण वनस्पतीजन्य आहार, तर निम्म्यांना मधुमेहासाठीचा प्रचलित आहार दिला गेला. उष्मांकांतील कपात दोघांनाही रोज ५०० किलोकॅलरी इतकीच होती. पहिले १२ आठवडे केवळ आहार आणि पुढचे १२ आठवडे त्यासोबत एरोबिक व्यायाम, अशी मांडणी होती. अखेरीस इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद पहिल्या गटात ३० टक्के, तर दुसऱ्यात २० टक्के सुधारला. औषधे अनुक्रमे ४३ आणि ५ टक्के रुग्णांची कमी करता आली आणि व्यायाम जोडल्यावर दोन गटांतील तफावत वाढली. याच रुग्णांवरील २०१६ च्या निबंधानुसार ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता शाकाहारी गटात १२ टक्के वाढली, तर दुसऱ्या गटात लक्षणीय बदल झाला नाही. मात्र शाकाहारी गटाचे वजनही अधिक, सरासरी ६.२ किलो विरुद्ध ३.२ किलो, घटले होते, हे विसरून चालणार नाही.

मराठी वाचकाने हे निष्कर्ष घरच्या शाकाहाराला जसेच्या तसे लावू नयेत. पुण्यात मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या संशोधनात सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त आढळले आणि जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरताही सर्रास दिसली. साबुदाणा, साखर आणि तळण यांनी भरलेले ताट शाकाहारी असले, तरी प्रागच्या चाचणीतील भाज्या, धान्ये, डाळी, फळे आणि सुकामेवा यांच्या आहाराशी त्याचे नाते दूरचेच आहे. त्या चाचणीतील शाकाहारी गटाला बी-१२ पूरक म्हणून वेगळे दिले जात होते.