तंग आणि खोगीर: कमरेला दोन पट्टे कशाला?

दुकानात गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "पट्टा पाहिजे." मी विचारतो, "कशासाठी?" गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं की याला वेड लागलं की काय. पट्टा म्हणजे पट्टा, पँट वर राहिली की झालं! पण समोरचा माणूस पोलिसातला असला किंवा अपशिंग्यासारख्या सैनिकांच्या गावात सुट्टीवर आलेला जवान असला, तर मला हे विचारावंच लागतं. मराठीत आपण दोन निराळ्या वस्तूंना एकच नाव देऊन बसलोय. एक पट्टा पँट धरतो, दुसरा ओझं वाहतो. दिसायला दोन्ही सारखे, दोन्हींना बक्कल, दोन्ही कमरेलाच. कामं मात्र तंग आणि खोगिराइतकी वेगळी.

हा तंग-खोगिराचा दाखला मला वडिलांकडून, म्हणजे आण्णांकडून, मिळाला. साताऱ्यात आमचं बॅगा, दप्तरं, पट्टे शिवायचं दुकान आहे. आण्णा वेण्णा लेकवरच्या सवारीच्या घोड्यांचे तंग शिवून द्यायचे. घोड्याच्या पोटाखालून जाऊन खोगीर जागेवर धरतो तो तंग. स्वाराचं वजन तंगावर येत नाही, ते खोगिरावर येतं आणि खोगीर ते पाठीवर पसरवतं. आण्णा म्हणायचे, खोगीर पाठीला बसत नसेल तर तंग कितीही आवळा, जनावराचं पोट तेवढं कापेल आणि खोगीर फिरायचं ते फिरेलच.

माणसाच्या कमरेचंही हेच. पँटचा पट्टा हा तंग. साहित्याचा पट्टा, ज्याला पोलीस ड्युटी बेल्ट म्हणतात, तो खोगीर. एकाच पट्ट्याला दोन्ही कामं सांगितली की त्रास सुरू झालाच म्हणून समजा.

ओझं किती असतं ते आधी बघू. भरलेलं पिस्तूल होल्स्टरसकट, म्हणजे पट्ट्यावरच्या त्याच्या म्यानासकट, किलोच्या घरात जातं. बेडी पाव किलोच्या वर. गोळ्यांचं जादा मॅगझिन, वॉकीटॉकी, टॉर्च, बंदोबस्ताला पाण्याची बाटली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात घासाघीस नाही. बघता बघता चार-पाच किलो होतात. अमेरिकेतल्या गस्तीच्या पोलिसांच्या पट्ट्यावर याच्या दीडपट-दुप्पट वजन असतं. आपल्याकडे सगळ्यांच्या कमरेला एवढं नसतं, पण पालखी लोणंद-तरडगावच्या टप्प्यात असते तेव्हा सकाळी चढवलेला पट्टा रात्रीच उतरतो. वजनाइतकाच तासांचाही हिशेब धरावा लागतो.

आता पाच किलो साध्या पट्ट्यावर टांगले तर काय होतं? पट्टा खाली सरकू नये म्हणून आपण तो आवळतो, म्हणजे कापड आणि चामडं यांच्या घर्षणावर ओझं पेलायला बघतो. घर्षणाचा गुणांक 0.4 धरला, म्हणजे दाबाच्या चार दशांश एवढंच वजन पेललं जातं असं मानलं, तर पाच किलो नुसत्या घर्षणावर धरायला कमरेभोवती सगळीकडून मिळून साडेबारा किलोचा दाब लागतो. उभं असताना. धावताना पाऊल आपटलं की वजनाला झटका बसतो आणि गरज आणखी वाढते. शिवाय हा दाब सगळ्या कमरेवर सारखा पडला असता तर एवढं बिघडलं नसतं. तो पडतो जिथे हाड वर आहे तिथे, म्हणजे पुढच्या बाजूला दोन्हीकडे जी टोकं हाताला लागतात त्यांच्यावर.

त्या टोकांच्या अगदी जवळून मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना वाहणारी एक नस जाते. ती दाबली गेली की मांडीला मुंग्या येतात, जळजळ होते, नाहीतर कातडी बधिर पडते. डॉक्टरांच्या भाषेत मेराल्जिया पॅरेस्थेटिका. घट्ट पट्टा हे त्याचं एक नेहमीचं कारण आहे. "पाय झोपतो" म्हणून गुडघ्याला तेल चोळणारे मी पाहिलेत. दुखणं गुडघ्याचं नव्हतंच. अर्थात मुंग्या राहिल्याच तर पट्टेवाल्याकडे नाही, डॉक्टरकडे जावं.

(पट्टेवाला म्हणजे मी, कचेरीतला नव्हे. त्याच्या छातीवरून जाणारा पट्टा तर तिसराच: ना पँट धरतो ना ओझं वाहतो, हुद्दा दाखवतो. गणवेशातले बरेच पट्टे आजही याच तिसऱ्या कामाचे असतात आणि कधी कधी त्यांच्यावरच पिस्तूल टांगलं जातं.)

साहित्याचा पट्टा कसा ओळखायचा? रुंदीवरून थोडं कळतं. पँटच्या लुपांतून जाणारा पट्टा साधारण दीड इंच, साहित्याचा सव्वादोन इंच. पण नुसती रुंदी फसवते. पट्टा कडेवर उभा धरा, एक टोक हातात ठेवा आणि बाकीचा हवेत सोडा. पँटचा पट्टा मान टाकतो, जत्रेतल्या रबरी सापासारखा. साहित्याचा पट्टा आडवा ताठ राहतो. तो कमरेभोवती सहज वळला पाहिजे, पण रुंदीत पिळता कामा नये. पिळला की होल्स्टरचं वजन वरची कड बाहेर ओढतं, खालची कड आत घुसते आणि सव्वादोन इंचांपैकी पाव इंचच अंगाला टेकतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलं ते एका हवालदार मामांच्या पट्ट्यावर. काउंटरवर तो टाकून ते म्हणाले, "हा पट्टा न्हाई रं, गळफास हाय. फक्त जागा चुकलीय." मी पट्टा उलटा केला. आतलं चामडं बहुतेक ठिकाणी नव्यासारखं खरखरीत होतं. उजव्या बाजूला होल्स्टरच्या जागी मात्र खालची कड बोटभर लांब घासून काचेसारखी चकाकत होती आणि घामाने काळी पडली होती. वर्षानुवर्षं सगळं ओझं त्या बोटभर रेघेने वाहिलं होतं. तुमच्या घरात असा जुना पट्टा असेल तर उलटा करून बघा. कुठे दुखतं ते माणूस नीट सांगू शकत नाही, पट्टा सांगतो.

मी तेव्हा हुशारी केली. दुखतंय ना, मग मऊ करू! आतून जाड फोम लावला, वर कापड शिवलं. दुकानात घालून बघताना मामा खूष. चौथ्या दिवशी परत. फोम दबून पापड झाला होता, घाम मुरून वास मारत होता आणि फोमच्या जाडीमुळे पट्टा अंगापासून लांब गेल्याने होल्स्टर आणखीच हलत होतं. आण्णा खुर्चीतूनच म्हणाले, "खोगीरभरती केलीस." शब्दशः तीच. चिंध्या कोंबून खोगीर फुगतं, बसत नाही.

मऊपणा आणि आराम या दोन गोष्टींची गल्लत माझी एकट्याची नाही, बाजारातले निम्मे "कम्फर्ट" पट्टे त्यावरच विकले जातात. ओझ्याच्या पट्ट्यात आराम येतो तो आधी ताठपणातून, कारण ताठ पट्टाच वजन पसरवू शकतो. मऊ थर त्याच्या आत पातळ हवा, नुसती कड बोचू नये म्हणून. दुसऱ्या खेपेला मी जुन्या प्लॅस्टिकच्या बॅरलमधून दीड मिलिमीटरची पट्टी कापली, दोन नायलॉनच्या नवारींमध्ये घालून शिवली आणि आत फक्त जाळीचं कापड लावलं. फोमवाल्यापेक्षा हाताला कितीतरी कडक. मामांनी दिवसभर घातला आणि संध्याकाळी काढायचं विसरून चहाला बसले.

तरी एक राहिलंच होतं. ताठ पट्टा पँटवर नुसता ठेवला तर तो फिरतो. इथे तंग आणि खोगीर वेगळे करायची वेळ येते. आत लुपांतून जाणारा दीड इंची पट्टा, पँटपुरता, बेताने आवळलेला. त्याच्या बाहेरच्या अंगाला वेल्क्रोची मऊ बाजू. वर साहित्याचा पट्टा, त्याच्या आतल्या अंगाला वेल्क्रोची आकड्यांची बाजू. दोन्ही एकमेकांना चिकटतात. वेल्क्रोची गंमत अशी की तो घसरवून निघत नाही, सोलून निघतो. वजन खाली ओढतं ती घसरण्याची दिशा, तिथे तो घट्ट. ठाण्यात आल्यावर एका टोकाकडून सोलला की सगळा साज एका हातात. जॉर्ज दे मेस्त्राल या स्विस इंजिनिअरला 1941 साली कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून हे सुचलं. कासच्या गवतातून फिरून आल्यावर पँटला लागलेली कुसळं उपटणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. जवानांना मात्र वेल्क्रो फारसा आवडत नाही. चिखल भरला की धरत नाही, आणि रात्रीच्या शांततेत त्याचा चर्रर आवाज लांब जातो. त्यांच्यासाठी बटणांच्या वाद्या, म्हणजे कीपर, बऱ्या. दोन्ही पट्ट्यांना मिळून मिठी मारतात.

घट्ट-सैल करण्याचंही असंच गल्लतीचं. बक्कलच्या पट्ट्याला भोकं साधारण इंचाच्या अंतरावर असतात. जेवणाआधी आणि जेवणानंतर, उभं राहून आणि जीपमध्ये बसून कमरेचा घेर बदलतो, पण इंचाच्या पायरीने नव्हे. एका भोकात पोट कापतं, पुढच्यात पट्टा लोंबतो. म्हणून मला सरकतं बक्कल आवडतं, नवार ओढली की हवं तिथे थांबणारं. त्यावर कुणीतरी म्हणतं, "मग इलॅस्टिकच टाका की." टाकलं होतं. मागच्या बाजूला चार इंच. होल्स्टर मांडीवर टाळ वाजवल्यासारखं उडायला लागलं. इलॅस्टिक आतल्या पट्ट्यात चालतं, ओझ्याच्या पट्ट्यात नाही.

पण नुसता घेर बदलता येणं ही अर्धीच सोय. वस्तूंच्या जागाही सरकवता आल्या पाहिजेत. गाडीत तासन्‌तास बसणाऱ्याच्या पाठीमागे बेडीचा पाऊच असेल तर सीट तो मणक्यात दाबते, माणूस पुढे कलून बसतो आणि पाठीचं दुखणं ओढवून घेतो. मणक्याची तळहाताएवढी रुंद जागा रिकामी ठेवायची हे मी आता न विचारता करतो. वजन डावी-उजवीकडे बेताने वाटायचं. पिस्तुलाची जागा मात्र मी ठरवत नाही, ती शिकवलेल्या हाताची आणि नियमाची बाब आहे. गणवेशाच्या दर्शनी पट्ट्यालाही मी हात लावत नाही.

ओझं फारच वाढलं तर कमरेला कितीही चांगलं खोगीर घाला, पुरत नाही. मग खांदे लागतात. ही काही नवी अक्कल नव्हे. सॅम ब्राऊन हा इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेतला अधिकारी. 1858 मध्ये रोहिलखंडातल्या लढाईत त्याचा डावा हात गेला. तलवारीचं म्यान सावरायला हात उरला नाही, म्हणून त्याने कमरपट्ट्याला उजव्या खांद्यावरून येणारा आडवा पट्टा जोडला. आज परेडला अधिकाऱ्यांच्या छातीवर दिसणारा क्रॉस बेल्ट त्याचाच वंशज, आता बहुतेक शोभेचा. ब्रिटिश पायदळाने 1908 साली चामडं सोडून सुती नवारीचा साज घेतला, त्यातही कमरपट्टा, काडतुसांचे खिसे आणि खांद्यावरच्या वाद्या मिळून पुढचं-मागचं वजन तोललं जाईल अशी रचना होती. नवार घेण्याचं कारण महाबळेश्वरच्या पावसात बंदोबस्त केलेल्याला सांगायला नको. चामडं भिजलं की ताणतं, वाळलं की तडकतं, मधल्या वेळात बुरशी धरतं.

पोलिसांसाठी अलीकडे वजन छाती-खांद्यांवर नेणारी जाकिटं निघाली आहेत. अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये गस्तीच्या पोलिसांवर त्यांच्या चाचण्या झाल्या आणि कमरेचा भार हलका होतो हे दिसलं. आपल्या एप्रिल-मेमध्ये छातीवर आणखी एक थर चढवायचा म्हणजे मात्र विचार करावा लागेल. जवानाची अडचण आणखी निराळी आहे. त्याच्या पाठीवरच्या मोठ्या पिशवीचाही स्वतःचा कंबरपट्टा असतो आणि तो नेमका साहित्याच्या पट्ट्याच्याच जागी बसू बघतो. एका घोड्यावर दोन खोगिरं. म्हणून त्याला एक तर साहित्य छातीवर चढवावं लागतं, नाहीतर पट्टा सैल करून खाली सोडावा लागतो.

सध्या टेबलावर एका महिला कॉन्स्टेबलचा पट्टा आहे. त्यांनी येताच सांगितलं, "दादा, पुरुषांचाच लहान करून देऊ नका, तसले दोन झालेत." बरोबरच होतं. माप घेतलं तेव्हा पट्ट्याच्या वरच्या कडेच्या जागी आणि खालच्या कडेच्या जागी घेरात चांगला दीड इंचाचा फरक निघाला. सरळ पट्टा अशा कमरेवर फक्त खालच्या कडेने टेकणार आणि वर फट राहणार, हवालदार मामांच्या पट्ट्याला पिळल्यावर जे झालं ते इथे पहिल्याच दिवशी. पट्टा कमानीसारखा वक्र हवा. पण नवार मागावर सरळच विणली जाते, वाकवली की आतल्या कडेला चुण्या पडतात. म्हणून हा पट्टा कोल्हापुरी चपलेचा तळ कापतात तसा चामड्याच्या पानातून रापीने कापून काढतोय. एका पानात दोनच बसतात. उरलेल्या तुकड्यांत कीपर निघतील.