बूव्हे बेट: चढायला जागा नसलेली भूमी

दक्षिण अटलांटिक महासागरातील बूव्हे बेट सुमारे ५४ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. विषुववृत्तापासून उत्तरेला जवळपास तितक्याच अंतरावर जर्मनीतील हॅम्बुर्ग हे गजबजलेले बंदर आहे. बूव्हेचा मात्र सुमारे ९३ टक्के भाग बारमाही बर्फाखाली असतो. अंटार्क्टिकाभोवती फिरणाऱ्या थंड पाण्याची सीमा या बेटाच्याही उत्तरेला असल्याने, अक्षांश काहीही सांगत असला तरी बेटाभोवतीचे पाणी ध्रुवीयच असते.

आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांचे भूपट्ट जिथे एकमेकांना भिडतात, त्या परिसरात समुद्रतळावरून वर आलेल्या ज्वालामुखीचा हा माथा आहे. क्षेत्रफळ जेमतेम ४९ चौरस किलोमीटर, सर्वोच्च शिखर ओलाव्हटोपेन ७८० मीटर. मधले विवर बर्फाने भरलेले असून तिथून हिमनद्या खाली सरकतात आणि किनाऱ्यावरच्या कड्यांपाशी तुटून समुद्रात कोसळतात. त्यामुळे होडी लावायला जागा सापडणे कठीण.

फ्रेंच दर्यावर्दी बूव्हे याने १ जानेवारी १७३९ रोजी हे बेट पाहिले, पण त्याला उतरता आले नाही, आणि त्याने नोंदवलेले स्थानही चुकले. पुढे कॅप्टन कुकलाही ते सापडले नाही. अचूक स्थान ठरले १८९८ मध्ये, ‘वाल्डिव्हिया’ या जर्मन जहाजावरील मोहिमेकडून. आज बेट नॉर्वेच्या ताब्यात आहे आणि १९७१ पासून संरक्षित आहे.

सर्वांत रंजक भाग मात्र अगदी तरुण आहे. १९५५ ते १९५८ या काळात केव्हातरी पश्चिम किनाऱ्यावर दगडमातीचा एक सपाट ओटा तयार झाला. तो आधी लाव्ह्याचा वाटला होता. प्रत्यक्षात वरचा कडा ढासळून तिथे ढिगारा साचला होता. नॉर्वेजियन भाषेत त्याला ‘न्यूरॉइसा’, म्हणजे नवा दगडांचा ढीग, असे नाव पडले. उघडी, बर्फविरहित जमीन मिळताच पेंग्विन आणि फर सील यांनी तिथे विणीच्या वसाहती थाटल्या. संशोधकांनीही १९९६ मध्ये तिथेच झोपडी उभारली. २००६ च्या भूकंपाने तिचा पाया खिळखिळा झाला असावा; पुढच्या वर्षीच्या उपग्रहचित्रांत झोपडी नव्हतीच. २०१४ मध्ये बेटावर नवे संशोधन केंद्र बांधले गेले.