सॉलोमन, रिबेका

सॉलोमन, रिबेका : (२६ सप्टेंबर १८३२ – २० नोव्हेंबर १८८६). व्हिक्टोरियाकालीन इंग्रज चित्रकर्ती. चित्रकार एब्रहॅम सॉलोमन (१८२३–६२) याची धाकटी आणि प्री-रॅफेलाइट (राफाएलपूर्व इटालियन कलेचा आदर्श मानणारा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज चित्रकारांचा गट) वर्तुळातील ख्यातनाम चित्रकार सिमियन सॉलोमन (१८४०–१९०५) याची थोरली बहीण. तिचा जन्म लंडनच्या बिशप्सगेट भागातील एका सुस्थित ज्यू कुटुंबात झाला. वडील हॅटचे व्यापारी होते, तर आईला चित्रकलेची आवड होती.

स्पिटलफील्ड्स येथील अभिकल्प विद्यालयात आणि एब्रहॅमच्या चित्रशाळेत तिचे शिक्षण झाले. रॉयल ॲकॅडमी या लंडनच्या प्रतिष्ठित कलासंस्थेच्या प्रदर्शनांत स्त्रियांची चित्रे स्वीकारली जात. ॲकॅडमीच्या विद्यालयात मात्र त्यांना प्रवेश नव्हता. रिबेकाची चित्रे १८५२ पासून या प्रदर्शनांत झळकत होती. ॲकॅडमीच्या विद्यालयात स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून १८५९ मध्ये ३८ स्त्रियांनी जो अर्ज केला, त्यावर तिचीही सही होती. पुढल्याच वर्षी लॉरा हरफर्ड हिला तेथे प्रवेश मिळाला, तोही अर्जासोबतच्या चित्रावर केवळ आद्याक्षरे व आडनाव असल्यामुळे ती स्त्री आहे हे न कळल्याने.

रिबेकाच्या आरंभीच्या चित्रांचा विषय बहुधा पोटासाठी परक्या घरी राबणाऱ्या स्त्रीचा आहे. ‘द गव्हर्नेस’ (१८५४) मध्ये पियानोजवळ रमलेल्या जोडप्यासमोर काळ्या पोशाखातील शिक्षिका मुलाला शिकवीत बसलेली दिसते. दोन स्त्रियांच्या वाट्याला आलेली निरनिराळी आयुष्ये एकाच खोलीत मांडण्याचे हे कौशल्य तिच्या इतर चित्रांपेक्षा येथे अधिक खुलले आहे. ‘द यंग टीचर’ (१८६१) मध्ये एक गोरी मुलगी आपल्या सावळ्या दाईला पुस्तकातून शिकवीत आहे. या दाईला भारतीय आया समजण्याचा प्रघात होता; परंतु चित्रासाठी बसलेली स्त्री जमैकात जन्मलेली फॅनी ईटन होती, हे आता सामान्यतः मान्य झाले आहे. सिमियनच्या ‘द मदर ऑफ मोझेस’ (१८६०) या चित्रासाठीही ईटनच बसली होती. त्यामुळे ही बहीणभावंडे एकमेकांच्या चित्रशाळेत किती मिळूनमिसळून काम करीत, याचाही अंदाज येतो. १८६० च्या सुमारास तिने इतिहास व रंगभूमीवरील विषय हाती घेतले; १८व्या शतकातील नटी पेग वॉफिंग्टन हिच्यावरील चित्र (१८६०) त्यांपैकी होय. ‘द वूंडेड डव्ह’ (१८६६) हे जलरंगचित्र सौंदर्यवादी (बोधापेक्षा सौंदर्याला महत्त्व देणाऱ्या) वळणाचे असून ते वेल्समधील ॲबरिस्टविथ विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

प्रतिकृतींचे काम हा तिच्या व्यवसायाचा महत्त्वाचा भाग होता. प्री-रॅफेलाइट चित्रकार जॉन एव्हरेट मिले याच्या ‘क्राइस्ट इन द हाउस ऑफ हिज पॅरेंट्स’ या गाजलेल्या चित्राची लहान प्रतिकृती तिने १८६० नंतरच्या दशकात केली व मिलेने तीवर अखेरचा हात फिरविला, असे मानले जाते. अशा चित्रांत कोणता भाग कोणाचा हे ठरविणे अवघड असते. तथापि मूळ चित्रातील प्रत्येक रेषा व रंगछटा दुसऱ्या आकारात उतरविणे हे यांत्रिक काम नव्हे, आणि त्याचे श्रेय केवळ मिलेकडे जाणे न्याय्य वाटत नाही.

डिसेंबर १८६२ मध्ये एब्रहॅम फ्रान्समधील बिआरिट्झ येथे निवर्तला. त्यानंतर ती व सिमियन यांचा सहवास वाढला. १८७३ च्या फेब्रुवारीत सिमियनला समलिंगी वर्तनाच्या आरोपावरून अटक झाली व त्याची कारकीर्द कोसळली. त्याच सुमारास रिबेकाचे नावही प्रदर्शनांतून मागे पडत गेले. ती व्यसनाधीन होऊन वाहवत गेली, अशा आशयाचे उल्लेख विसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळतात. ते तिच्या मृत्यूनंतरचे असून भावाच्या बदनामीची छाया त्यांवर असावी, हे अलीकडील अभ्यासकांचे मत अधिक ग्राह्य वाटते. लंडनमधील यूस्टन रोडवर घोडागाडीखाली सापडून तिचा मृत्यू झाला. १९८५–८६ मध्ये लंडनच्या जेफ्री म्यूझियममध्ये भरलेल्या प्रदर्शनात तिघा भावंडांची चित्रे प्रथमच एकत्र अभ्यासली गेली.