स्टेअरिंगचा प्ले: बॉक्समधला वेगळा, जोडांमधला वेगळा

जुना मिनी ट्रॅक्टर घेतला की वर्ष-दोन वर्षांत एक तक्रार येतेच: स्टेअरिंग ढिलं झालंय, प्ले (रिकामी हालचाल) आलाय, पाव चक्कर फिरवल्याशिवाय चाक हलत नाही. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला. स्टेअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या दातेरी पेटीचा, स्क्रू आवळ! शक्ती एमटी १८० असो, स्वराज ७१७ असो की युवराज २१५, चावडीवरचा फिटर आधी स्क्रूलाच पाना लावतो. जालना-अंबडकडच्या मोसंबीच्या बागांतून आणि परभणीच्या कपाशीच्या रानांतून चालणारे कितीतरी ट्रॅक्टर या एका सल्ल्यापायी खराब झाले आहेत. प्ले दोन जागी येतो आणि दोन्हीचं औषध वेगवेगळं आहे.

स्क्रू काय करतो ते बहुतेकांना ठाऊक आहे. लॉक नट सैल करायचा, पुढची चाकं सरळ ठेवायची, स्क्रू थोडा थोडा आत घ्यायचा, पुन्हा लॉक नट आवळायचा. त्यानं बॉक्सच्या आतले सेक्टरचे (अर्धवट दातेरी चाकाचे) दात समोरच्या दातांत जरा खोल बसतात. बस, स्क्रूचं काम एवढंच. ड्रॉप आर्मच्या (बॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवरच्या दांड्याच्या) पुढे जे काही आहे, म्हणजे आर्मपासून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक, दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे बॉल जॉइंट (गोळीचे जोड), चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंग पिनचे बुश, त्यांच्याशी या स्क्रूचा काडीचाही संबंध नाही. आपल्याकडच्या काळ्या रानात आधी झिजतात ते हेच जोड. जोडावरचा रबरी बूट फाटला की पावसाळ्यात चिखल आत जातो, उन्हाळ्यात तोच वाळून माती होते आणि गोळी खाते. बॉक्स बिचारा बंद असतो, तेलात असतो, त्याची झीज सावकाश होते.

मग प्ले कुठं आहे हे ओळखायचं कसं? दोन माणसं लागतात आणि पाच मिनिटं. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद. चाकं सरळ आणि जमिनीवरच हवीत. इथं पुष्कळ जण जॅक लावतात, ते चुकीचं आहे. चाक अधांतरी असलं की ते सहज फिरतं, जोडावर जोर येत नाही आणि प्ले लपतो.

एकानं सीटवर बसून स्टेअरिंग अगदी हळू डावी-उजवीकडे हलवायचं, चाक वळवायचं नाही. दुसऱ्यानं खाली बसून ड्रॉप आर्मवर हात ठेवायचा. स्टेअरिंग हलतंय आणि आर्म गप्प आहे, तर प्ले वरच्या बाजूला आहे, बॉक्समध्ये किंवा कॉलममध्ये (स्टेअरिंगच्या दांड्यात). आर्म लगेच हलतोय पण चाक गप्प आहे, तर बॉक्सला हात लावू नका, दोष पुढच्या जोडांत आहे. दोन्हीकडे थोडा थोडा असेल तर आधी जोड करायचे, मग बॉक्स. हा क्रम उलटा करू नये, कारण जोडांचा प्ले गेल्यावर बॉक्सचा उरलेला प्ले पुष्कळदा चालण्याजोगाच निघतो. रिमवर इंचभर प्ले तर मॅन्युअल स्टेअरिंगला असतोच.

जोड शोधताना डोळ्यांवर विसंबू नका. ग्रीस आणि मातीचा थर चढलेला असतो, तो चिंधीनं पुसा आणि बोट असं ठेवा की अर्धं बॉल जॉइंटच्या कपावर, अर्धं ज्या आर्ममध्ये तो बसलाय त्यावर. वरच्या माणसानं स्टेअरिंग हलवलं की झिजलेल्या जोडात दोन भाग एकमेकांपासून सरकताना बोटाला कळतात, 'टक्' असा आवाजही येतो. एकेक जोड असा तपासा. ड्रॉप आर्म शाफ्टवर जिथं बसतो तिथं खडूनं शाफ्ट आणि आर्म या दोन्हींवरून एक रेघ ओढा. हलवताना रेघ तुटली तर आर्मचा नट ढिला आहे किंवा आर्म ज्या खाचांत बसतो त्या (स्प्लाइन) गेल्यात. मात्र शाफ्टच बॉक्सच्या तोंडाशी वर-खाली हलत असेल आणि सीलमधून तेल झिरपत असेल, तर बुश गेले आहेत. तिथं स्क्रू आवळून काही उपयोग नाही, बॉक्स उघडावाच लागेल.

किंग पिनसाठी मात्र जॅक लावायचा. तोही एक्सलखाली, ठोकळ्याच्या आधारासह. चाक वर-खाली धरून हलवा. हब (चाकाचा मधला तुंबा) हलतोय पण स्टब एक्सल (तुंबा ज्यावर बसतो तो आखूड आस) स्थिर आहे तर बेअरिंग, स्टबसकट सगळंच हलतंय तर किंग पिनचे बुश. पिन आणि बुश एकदमच बदलावेत, जुन्या पिनवर नवा बुश घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता जोडांचा दोष असताना स्क्रू आवळला तर काय होतं? सरळ चालताना दात मधल्याच जागी घासतात, म्हणून मध्ये झीज जास्त आणि कडेला कमी असते. मधला प्ले पार संपेपर्यंत स्क्रू दाबला की वळणावर दात जाम होतात. स्टेअरिंग जड होतं, वळल्यावर सरळ यायला मागत नाही आणि ट्रॉली घेऊन डांबरीवर आलं की गाडी सतत सावरत राहावी लागते. ढिल्या स्टेअरिंगपेक्षा हे जास्त धोक्याचं. स्क्रूला हात लावलाच, तर नंतर पुढची चाकं उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. कुठंही अडकता कामा नये. अडकलं तर स्क्रू मागे घ्या.

बॉल जॉइंटवर वेल्डिंगचा टाका मारून प्ले काढणारे लोक मी पाहिले आहेत. त्या जोडाला फिरायची मोकळीक लागते. टाका मारला की ताण रॉडवर जातो आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात तो तुटतो. असं काम करून देणाऱ्याकडे पुन्हा ट्रॅक्टर नेऊ नका. नवा टाय रॉड एंड कितीही महाग वाटला तरी नवाच घ्या, दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नटाला स्प्लिट पिन घाला. पिनऐवजी तार अजिबात नको.

एंड काढताना किती आटे सुटले ते मोजून ठेवा, नवा तेवढाच आत घाला. तरीही टो-इन तपासावाच लागतो: दोन्ही टायरांमधलं अंतर हबच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजा, पुढचं किंचित कमी हवं. किती कमी ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. कपाशीच्या ओळींसाठी पुढच्या चाकांची रुंदी कमी-जास्त केली असेल, तर त्यानंतरही हे माप पुन्हा घ्यायचं.