कुत्र्याचा कच्चा आहार: भाकरीच्या मुलखातील पार्श्वभूमी

बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडी, कॅम्प या भागांत लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड अशा जातींची कुत्री पाळणारी घरे वाढली, तसा त्यांच्या आहाराविषयीचा एक नवा विचारही येथे येऊन पोहोचला. कुत्रा मूळचा लांडग्याच्या कुळातला, म्हणून त्याला शिजवलेले अन्न किंवा पाकिटातले दाणे न देता कच्चे मांस, कच्ची हाडे आणि कलेजीसारखे अवयव द्यावेत, असा तो विचार आहे. चिकनच्या दुकानातून कोंबडीच्या माना, पाय आणि कलेजी-पेटा आणून ते न शिजवताच कुत्र्यापुढे ठेवणारी मंडळी आता खानापूर आणि निपाणीतही भेटतात. ती हे प्रेमापोटी करतात, याविषयी शंका नाही. ही पद्धत म्हणजे कुत्र्याच्या मूळ आहाराकडे परत जाणे, असे ती सांगतात; परंतु हा 'मूळ आहार' कोणत्या मुलखातला आणि कोणत्या काळातला, हे तिचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

कारखान्यात तयार होणाऱ्या श्वान-अन्नाची सुरुवात सुमारे 1860 साली इंग्लंडमध्ये झाली. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकी व्यावसायिक इमारतींवर बसवायचे वीजरोधक विकण्यासाठी तेथे गेला होता. खलाशांसाठी भाजलेली टणक बिस्किटे बंदरावरची कुत्री आवडीने खाताना त्याने पाहिली आणि त्यावरून गव्हाचे पीठ, भाज्या आणि सुकवलेले मांस यांची वडी बनवण्याची कल्पना त्याला सुचली, असे सांगितले जाते. ही वडी प्रथम शिकारी कुत्री बाळगणाऱ्या इंग्रज श्रीमंतांनी विकत घेतली. पुढे 1922 च्या सुमारास अमेरिकेत घोड्याचे मांस डब्यात भरून कुत्र्यांसाठी विकले जाऊ लागले, कारण मोटारी आणि ट्रॅक्टर आल्यामुळे निरुपयोगी ठरलेले घोडे तेथे मुबलक होते. दुसऱ्या महायुद्धात पत्रा आणि मांस या दोहोंवर नियंत्रणे आली, डबे मागे पडले आणि कोरड्या अन्नाला वाट मिळाली. 1957 साली प्युरिना कंपनीने यंत्रातून दाबाने काढून फुगवलेले दाणे बाजारात आणले. आज पाकिटात मिळणारे बहुतेक कोरडे अन्न याच पद्धतीने तयार होते.

या सर्व काळात कच्चे मांस देणारे लोक पाश्चात्त्य देशांतही होतेच. शर्यतीच्या ग्रेहाउंडना आणि बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना ते दिले जाई. मात्र घरगुती कुत्र्यासाठी त्याचा चळवळीसारखा प्रचार झाला तो इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यांमुळे. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी असे मांडले की, दाण्यांच्या आहारामुळे कुत्र्यांचे दात आणि त्वचा बिघडतात आणि मांस लागलेली कच्ची हाडे हा त्यावरचा उपाय आहे. 'हाडे आणि कच्चे अन्न' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून या आहाराला 'बार्फ' हे नाव पडले. टॉम लॉन्सडेल या ऑस्ट्रेलियातीलच दुसऱ्या पशुवैद्यांनी 2001 साली हीच बाजू अधिक आग्रहाने मांडली. पुढे 2007 साली उत्तर अमेरिकेत चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन आढळले, त्यामुळे अनेक पाळीव प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि मोठ्या प्रमाणावर माल परत घ्यावा लागला. पाकिटावरचा विश्वास उडालेल्या पालकांना कच्च्या आहाराचा आधार वाटू लागला, तो प्रामुख्याने या घटनेनंतर. तेव्हा ही चळवळ ज्या कारखानी अन्नाविरुद्ध उभी राहिली, त्याला तेथे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास होता.

आमच्याकडे तो इतिहास नाही. सीमाभागातील कुत्र्याने एका पिढीपूर्वीपर्यंत पाकीट पाहिलेलेही नव्हते. अथणी, चिकोडी, रायबाग या उत्तर आणि ईशान्येकडच्या तालुक्यांत ज्वारीची शिळी भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून, आणि पश्चिमेकडे खानापूरच्या बाजूला भात किंवा नाचणीची भाकरी, असे त्याचे अन्न असे. परड्यात दगडी डोणीत ते ओतले जाई आणि रविवारी घरात मटण शिजले, तर उरलेला रस्सा आणि हाडे त्याच्या वाट्याला येत. श्राद्धाच्या दिवशी काढल्या जाणाऱ्या पंचबलींतही कुत्र्याचा एक घास असतो, आणि तो शिजवलेल्या अन्नाचा असतो. बेळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या मुधोळचे शिकारी कुत्रे घोरपडे संस्थानिकांच्या आश्रयाने नावारूपाला आले, भारतीय टपाल खात्याने 2005 साली त्याचे तिकीट काढले आणि पुढे लष्करानेही ते प्रशिक्षणासाठी घेतले. सशाच्या मागे धावणारा हा चपळ प्राणीदेखील गावांतून भाकरी, मका आणि दूध यांवरच पोसला गेला आहे.

याला शास्त्राचाही आधार आहे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी 2013 साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, पिष्ट पचवणाऱ्या ॲमायलेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या 4 पासून 30 पर्यंत आढळतात. म्हणजे माणूस शेती करू लागल्यावर त्याच्या दारातील प्राणीही धान्य पचवू लागला. यापुढचे संशोधन मला अधिक महत्त्वाचे वाटते: ज्या प्रदेशांत प्राचीन काळी शेती पसरली तेथील कुत्र्यांत या प्रती भरपूर आहेत, तर ऑस्ट्रेलियातील डिंगो आणि ध्रुवीय प्रदेशातील हस्की यांच्यात त्या थोड्याच आहेत. हजारो वर्षे ज्वारी-नाचणीच्या मुलखात वाढलेल्या गावठी कुत्र्याला लांडग्याचे ताट वाढणे, हे त्याच्या स्वतःच्या इतिहासाशी जुळत नाही.

कच्चे मांस खाणारी कुत्री सीमाभागात कधी नव्हतीच, असे मात्र नाही. दख्खनी मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणाऱ्या धनगर आणि कुरुब समाजाच्या कुत्र्यांना, मेंढी मेली किंवा कापली की आतडी, फोपसे आणि टाकाऊ काळीज कच्चेच मिळत आले आहे. खाटीकखान्यांत आणि गावजत्रांच्या काळात जनावरे कापली जातात तेथील भटक्या कुत्र्यांचेही तेच. आमच्या भागातील कच्च्या आहाराचा खरा इतिहास हाच आहे, आणि त्याच्याशी एक आजार जोडलेला आहे. एकिनोकोकस ग्रॅन्युलोसस हा जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, ती चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याने भरलेले फोड तयार होतात. हे फोड असलेले काळीज (यकृत) कुत्र्याने कच्चे खाल्ले की सुमारे सहा-सात आठवड्यांत नवे कृमी पूर्ण वाढतात. कुत्र्याच्या केसांना चिकटलेली अंडी माणसाच्या हातातून तोंडात गेली, तर तेच फोड माणसाच्या यकृतात होतात. यालाच हायडॅटिड म्हणतात आणि त्यासाठी अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. कुत्र्याला स्वतःला बहुधा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे घरातील कोणाला संशयही येत नाही.

हा आजार हटवणाऱ्या देशांनी प्रथम कुत्र्याच्या कच्च्या खाण्यालाच हात घातला. 1860 च्या दशकात हाराल्ड क्राबे या डॅनिश वैद्यकतज्ज्ञांनी आइसलँडमध्ये अभ्यास करून लोकांसाठी पत्रक लिहिले आणि कुत्र्यांना फोड असलेले अवयव न देण्याचा आग्रह धरला. तो देश पुढे या आजारातून जवळजवळ मुक्त झाला. न्यूझीलंडने 1959 साली स्वतंत्र कायदा केला, मेंढीचे कच्चे अवयव कुत्र्याला घालण्यास बंदी केली, दर सहा आठवड्यांनी जंताचे औषध देण्याची पद्धत रुजवली आणि 2002 साली देश तात्पुरता रोगमुक्त असल्याचे जाहीर केले.

दुकानातल्या कोंबडीतून हा कृमी येत नाही, हे खरे. तिच्यातून येणारा धोका जीवाणूंचा आहे. अमेरिकी पशुवैद्यकीय संघटनेने 2012 साली न शिजवलेले प्राणिज अन्न देऊ नये, असे धोरण स्वीकारले. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोठवलेल्या कच्च्या आहाराचे 35 नमुने तपासले होते, त्यांपैकी 19 नमुन्यांत लिस्टेरिया आणि 7 नमुन्यांत साल्मोनेला आढळले. गोठवल्याने जीवाणू मरत नाहीत, ते थांबून राहतात. तो माल कारखान्यात गोठवून बंद केलेला होता. आमच्याकडे मात्र उघड्या ओट्यावर कापलेली कोंबडी प्लास्टिकच्या पिशवीतून घरी येते, आणि ती खाऊन, वाटी चाटून कुत्रा तसाच लहान मुलाच्या अंगाशी लगट करतो.

पिल्लांच्या बाबतीत आणखी एक चूक होते, आणि ती पाहून मन हळहळते. हाडाचा त्रास नको म्हणून काही जण केवळ बोनलेस मांस देतात. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या सुमारे पंधरा ते वीस पट फॉस्फरस असते, तर वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा किंचित जास्त लागते. ही तूट शरीर हाडांतून भरून काढते. परिणामी पिल्लू लंगडू लागते, त्याचे पाय वाकतात, किरकोळ उडीनेही हाड मोडते आणि घरचे लोक मांस कमी पडले असेल असे समजून ते वाढवतात. अशा पिल्लाला पशुवैद्याकडे नेऊन आहारात कॅल्शियमचा मेळ घालून घेतला, तर ते बहुधा सावरते. मोठ्या कुत्र्याला मांस द्यायचे असेल, तर ते हाडाविना उकडून भाकरीत किंवा भातात कालवावे, कारण शिजवलेले हाड फुटून घशात किंवा आतड्यात टोचते. मेंढपाळांच्या कुत्र्यांना जंताचे औषध वेळच्या वेळी मिळावे, आणि कापलेल्या मेंढीच्या काळजावर पाण्याचे फोड दिसले, तर ते काळीज कुत्र्याच्या तोंडी लागण्याआधी खोल पुरावे किंवा जाळून टाकावे.