धानाच्या बांधीतून बर्फाच्या अंगणात

जानेवारीतल्या एका संध्याकाळी साडेसहाला मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. नागपुरात साडेसहा म्हणजे त्याच्या मिनेसोटात सकाळचे सात. डोक्यावर कानटोपी, भुवयांवर पांढरी भुरभुर आणि मागे इंजिनाची ओळखीची घरघर.

"काय करून राह्यला बे इतक्या थंडीत?"

"अंगण झाडून राह्यलो."

त्याने फोन फिरवला. छोटा नारिंगी ट्रॅक्टर, पुढे बकेट, मागे लोखंडी पाते, चाकांना साखळ्या. काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत जो मिनी ट्रॅक्टर फवारणीचा पंप ओढत फिरतो, त्याचा हा सख्खा भाऊ शोभावा. "रंगही आपल्या संत्र्याचाच घेतला, पाह्य," म्हणाला. मला मात्र रंगापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे कुतूहल वाटले. बागेतले यंत्र बर्फात गेले कसे? की आधी बर्फात होते आणि मग बागेत आले?

नागपूरकराला बर्फ माहीत आहे तो उसाच्या रसातला, गोळ्यातला आणि फार तर गारपिटीतला. 29 डिसेंबर 2018 ला इथला पारा 3.5 अंशांवर उतरला, तर आठवडाभर शहरात दुसरा विषय नव्हता. मराठीत आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत बर्फालाही बर्फच आणि दगडासारखा गोठलेलाही बर्फच. तिकडे मात्र हे दोन वेगळे शत्रू आहेत, आणि त्यांना हटवायची अवजारेही वेगळी.

मुळात बर्फ हटवायची गरज फार जुनी नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात एकोणिसाव्या शतकात हिवाळ्यातली वाहतूक घसरगाडीवर चाले. घसरगाडीला बर्फ हवाच असतो. त्यामुळे गावोगाव रस्त्यावरचा बर्फ काढत नसत, दाबत असत. माणसापेक्षा उंच लाकडी रोलर घोड्यांना जुंपायचा आणि रस्ता चेपून गुळगुळीत करायचा. छप्पर असलेल्या लाकडी पुलांवर बर्फ पडत नसे, म्हणून बाहेरचा बर्फ फावड्याने आणून पुलाच्या फळ्यांवर मुद्दाम पसरत. हे वाचले तेव्हा मला खरेच वाटेना. पण खरे आहे. हिवाळ्यात जड लाकडे आणि धान्य हलवणे तिथल्या शेतकऱ्याला उन्हाळ्यापेक्षा सोपे जाई.

त्याच काळात तिकडची तळी कापून काढलेला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून बोस्टनहून जहाजाने थेट आपल्याकडे येत होता. 1833 मध्ये 180 टन घेऊन निघालेले पहिले जहाज कोलकात्याला पोचले तेव्हा त्यातले सुमारे 100 टन शिल्लक होते. तिथे दाबायचा, इथे विकायचा. फेकून द्यायचा विचार कोणी करत नव्हते.

शहरांचे गणित आधी बदलले. गल्ल्या मोकळ्या करायला घोड्यामागे लाकडी फाळ बांधायची सुरुवात 1862 मध्ये मिलवॉकी शहरात झाली, असे सहसा सांगितले जाते. मार्च 1888 च्या हिमवादळात न्यूयॉर्क कित्येक दिवस ठप्प झाले आणि असले फाळ मोठ्या वादळापुढे अपुरे पडतात हे दिसले. रेल्वेला तर त्याआधीच घाई होती, कारण रूळ बर्फाखाली गेला की गाडी उभीच. टोरांटोच्या जे. डब्ल्यू. इलियट नावाच्या दंतवैद्याने 1869 मध्ये फिरत्या पात्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले. दातांच्या डॉक्टरला हे का सुचावे, देव जाणे. ते यंत्र त्याच्या हातून काही रुळावर आले नाही. पुढे ऑरेंज जल या माणसाने कल्पना सुधारली, लेस्ली बंधूंनी यंत्र बांधले, आणि 1880 च्या दशकात इंजिनापुढे चक्र फिरवत बर्फ बाजूला भिरकावणाऱ्या गाड्या धावू लागल्या.

रस्त्यासाठी हेच काम क्वेबेकच्या आर्थर सिकार्डने केले. तरुणपणी शेतात धान्याचे यंत्र चालताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. ओंब्या आत ओढायच्या आणि भुसा नळीतून लांब फेकायचा, तर मग बर्फच का नाही? 1925 मध्ये त्याचे यंत्र चालले आणि 1927 मध्ये मॉन्ट्रियलशेजारच्या आउट्रेमाँ गावाने पहिले विकत घेतले. आपल्याकडे थ्रेशरच्या तोंडातून कुटार कसे उडते ते ज्याने पाहिले आहे, त्याला बर्फफेक्या यंत्राची रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तोवर मोटारगाडी आली होती, आणि खरा उलटफेर तिने केला. चाकाला दाबलेला बर्फ नको, काळा रस्ता हवा. 1941-42 च्या हिवाळ्यात न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यावर मीठ टाकणे हे धोरण म्हणूनच स्वीकारले आणि युद्धानंतर बाकीची राज्ये त्या वाटेने गेली. मीठ बर्फाचा गोठणबिंदू खाली ओढते. पुस्तकात हा आकडा उणे 21 अंशांपर्यंत जातो, पण प्रत्यक्षात उणे दहाच्या आसपासच मिठाचा जोर ओसरतो. शिवाय गाड्यांचे पत्रे गंजतात आणि सिमेंटचे पापुद्रे निघतात ते वेगळेच.

सार्वजनिक रस्ता सरकारने काळा केला. उरला तो रस्त्यापासून घरापर्यंतचा तुकडा, ड्राइव्हवे. 1947 पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, माणसे शहराबाहेर राहायला गेली, आणि पुढच्या दशकांत आणखी लांब, शेतांच्या कडेला गेली. घर मोठे, गाड्या दोन आणि हा तुकडा कधी 40 मीटर, कधी 100. तो ज्याचा त्याने साफ करायचा.

फावड्याने करून पाहावे का? 40 मीटर लांब, 3 मीटर रुंद पट्ट्यावर 20 सेंटिमीटर बर्फ म्हणजे 24 घनमीटर. ताजा, हलका असला तरी घनमीटरला 100 किलो धरून चालावे, म्हणजे अडीच टनांच्या आसपास. मार्चमधला ओला असेल तर तिप्पट, सात टनांवर. थंडीत आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि अचानक केलेले अंगमेहनतीचे काम, यामुळे दर हिवाळ्यात तिकडे फावडे मारता मारता हृदयविकाराचे झटके येतात. भावाचे वय पन्नाशीला टेकलेले. वहिनीने फावडे लपवले आणि ट्रॅक्टर आला.

आता ट्रॅक्टरकडे वळू, कारण या गोष्टीतला माझ्या जिव्हाळ्याचा भाग तोच. भावाच्या ट्रॅक्टरवर एकही महत्त्वाचा भाग बर्फासाठी जन्मलेला नाही.

अवजार जोडायचे मागचे तीन हात घ्या, खालचे दोन आणि वरची टॉपलिंक. ही हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची करणी. आधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टर पुढून उठून चालकावर उलटायचा. फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरचाच अवयव केला. ओढ वाढली की हायड्रोलिक यंत्रणा अवजार जरा उचलते आणि त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. 1938 मध्ये हेन्री फोर्डबरोबर नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला आणि 1939 मध्ये फोर्डचा 9एन ट्रॅक्टर बाजारात आला. तो तोंडी करार पुढे कोर्टात गेला, ते प्रकरण मोठे आहे, सोडू. आपल्या कामाचे एवढेच, की त्या तीन हातांवर दहा मिनिटांत नांगर काढून पाते चढवता येऊ लागले. उन्हाळ्यात नांगरणारा शेतकरी हिवाळ्यात स्वतःचा, आणि दोन पैसे घेऊन शेजाऱ्याचाही रस्ता साफ करू लागला.

पीटीओचेही तसेच. इंजिनाची ताकद मागच्या दांड्यातून अवजाराला द्यायची, हे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 1918 मध्ये बाजारात आणले, कापणी यंत्रासाठी. आज बर्फफेक्या त्याच दांड्यावर मिनिटाला 540 फेऱ्यांनी चालतो. बागेतल्या आमच्या रोटावेटरचा आकडाही 540 च. याच कंपनीशी 1963 मध्ये महिंद्राने भागीदारी केली आणि बी-275 ट्रॅक्टर भारतात बनू लागला. विदर्भातल्या जुन्या शेतकऱ्यांपुढे बी-275 चे नाव काढून पाहा, अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

राहिला आकार. मोठा ट्रॅक्टर घराच्या अंगणात वळत नाही. छोटा दणकट ट्रॅक्टर अमेरिकेला सुचला नाही असे नाही, 1947 मध्ये तिथे फार्मॉल कब आला होता. पण आजचा जो कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर आहे, चारही चाकांना ताकद, डिझेल इंजिन, कमी वजन, तो जपानी धानशेतीने घडवला. भंडारा-गोंदियाकडे आपण ज्याला बांधी म्हणतो तशी छोटी, चिखलाने भरलेली खाचरे. तिथे जड यंत्र रुतते आणि नुसती मागची चाके फिरली तर जागेवरच गरगरतात. कुबोटाने 1960 मध्ये जपानी शेतीसाठी ट्रॅक्टर काढला आणि 1969 मध्ये अमेरिकेकडे पाठवायला सुरुवात केली. 1977 च्या सुमारास जॉन डियर या अमेरिकी कंपनीनेही छोटे ट्रॅक्टर स्वतः न बनवता जपानच्या यानमारकडून बनवून घेतले. वर हिरवा रंग, आत जपान. गुडघाभर चिखलात जी पकड लागते तीच पकड वीतभर बर्फात लागते, हे अमेरिकन घरमालकाच्या आयते पथ्यावर पडले.

भावाने एक दिवस सगळी रीत तपशिलात दाखवली. बर्फ थांबायची वाट पाहायची नाही, आणि वरून गाडी तर अजिबात जाऊ द्यायची नाही. चाकाखाली दबलेला बर्फ रात्रीत गोठला की पाते त्यावरून नुसते घसरत जाते. मग दातेरी अवजाराने ओरखडायचे, नाहीतर मीठ-वाळू टाकून बसायचे. मी म्हटले, हा तर वाफसा झाला. काळ्या जमिनीत पावसानंतर दोन दिवस लवकर गेलास तर चिखल, दोन दिवस उशिरा गेलास तर ढेकळे. तो हसला. "बाबा हेच तर सांगायचे, तवा आपण कुठं ऐकलं?"

त्याचा निम्मा रस्ता मुरमाचा आहे. पहिल्या वर्षी जमीन गोठायच्या आधीच पाते खाली टेकवले आणि वसंतात हिरवळीतून दोन घमेली गिट्टी वेचावी लागली. आता तो पहिला इंचभर बर्फ तसाच दबू देतो. बकेटच्या धारेवर लोखंडी पाइप उभा चिरून चढवला आहे, म्हणजे धार मुरमात घुसत नाही, वरून सरकते. जुगाड हा शब्द तिकडे नाही, वस्तू आहे.

चाकांचा किस्सा त्याहून मजेदार. हलका ट्रॅक्टर घसरू नये म्हणून मागच्या टायरमध्ये वजन भरतात. आपल्याकडे सरळ पाणी भरतो, फुकट आणि पुरेसे. तिकडे पाणी गोठते, म्हणून जुनी पद्धत कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाची. पण ते गळाले तर रिम खाते. हल्ली बरेच लोक बीटच्या साखर कारखान्यातून निघणारा रस भरतात. जड, न गोठणारा, न गंजवणारा. त्याच्या टायरमध्ये बीटचा रस आहे हे आमच्या बागेतल्या ट्रॅक्टरचालकाला सांगितले, तेव्हा त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला. डिझेलचीही तीच तऱ्हा. कडक थंडीत त्यातले मेण साकळते आणि फिल्टर बंद पडतो, म्हणून हिवाळ्याचे डिझेल वेगळे आणि इंजिनाला रात्रभर विजेचा हीटर.

आपल्या देशात बर्फ हटवायचे काम घरमालकाचे नाही, बहुतेक लष्करी शिस्तीचे आहे. 1960 मध्ये स्थापन झालेली सीमा रस्ते संघटना झोजिला, रोहतांगसारख्या खिंडी दर वसंतात फोडते. तिथे बर्फाच्या भिंती ट्रकपेक्षा उंच असतात आणि हा छोटा ट्रॅक्टर खेळणे वाटेल. आपल्याकडे तो आला तो दुसऱ्या वाटेने. संत्र्याच्या झाडांमध्ये साधारण 6 मीटर अंतर असते, पण झाड दहा वर्षांचे झाले की फांद्या खाली झुकतात आणि मोठा ट्रॅक्टर ओळीत शिरला की फळे झोडपून काढतो. मजूर मिळेनासे झाले तसे काटोल, नरखेड, वरूडकडे मिनी ट्रॅक्टर वाढले. महिंद्राचा 15 अश्वशक्तीचा युवराज याच सुमारास, 2011 च्या आगेमागे. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. त्याच कंपनीने 1994 पासून अमेरिकेत बस्तान मांडले आणि 2015 मध्ये जपानच्या मित्सुबिशीच्या शेतीयंत्र कंपनीत तिसरा हिस्सा घेतला. म्हणजे धानाची बांधी, बर्फाचे अंगण आणि संत्र्याची बाग एकाच नावाखाली आली.

तरी भावाची एक कुरकूर कोणत्याही यंत्राने मिटलेली नाही. तो ड्राइव्हवे स्वच्छ करतो आणि तेवढ्यात मुख्य रस्ता साफ करणारा मोठा ट्रक जातो. ट्रक सगळा बर्फ बाजूला लोटतो, म्हणजे बरोबर त्याच्या तोंडावर. हा बांध हलका नसतो. चिखल, मीठ, गोठलेली ढेकळे, सगळे त्यात. मला त्याचे दुःख चटकन कळले. पावसाळ्यापूर्वी गल्लीतली नाली उपसतात आणि काळा गाळ आमच्या फाटकासमोर ढीग लावून ठेवतात, तो उचलायला येतो येतो म्हणत पहिला पाऊस येतो आणि गाळ पुन्हा नालीत.

त्या संध्याकाळीही तेच झाले. काम संपवून तो मला बर्फाचे कापीव काठ दाखवत होता, सरळ, आळ्यासारखे रेखलेले. मागून पिवळा दिवा फिरत आला आणि घर्र आवाज गेला. त्याने मान वळवून पाहिले.

"आला पुन्हा. थांब जरा," म्हणाला, आणि फोन न बंद करता खिशात टाकला. पुढची वीस मिनिटे मला अंधार दिसत होता आणि ट्रॅक्टर ऐकू येत होता.