अपटाइम कुमा आणि प्रॉमेथियस-ग्राफाना: एक घराबाहेर, एक घरात

घरातल्या सर्व्हरवर लक्ष ठेवायला डॅशबोर्ड हवा म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात: अपटाइम कुमा आणि प्रॉमेथियस-ग्राफाना. दोन्ही कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवायचा बंदिस्त डबा) चालतात, दोन्ही ब्राउझरमध्ये रंगीत पान दाखवतात, दोन्हींकडून टेलिग्रामवर इशारा येतो. मग ‘यातलं चांगलं कुठलं?’ असं विचारलं जातं आणि बहुतेक जण दोन्ही एकाच मशीनवर टाकून मोकळे होतात. खरी चूक तिथेच होते.

कुमा दारात येऊन हाक मारतो, म्हणजे ठरावीक वेळाने तुमचं पान उघडून बघतो. आतून ओ आली की हिरवी पट्टी, नाही आली की लाल. प्रॉमेथियस घरातल्या मीटरचे आकडे (डिस्क, मेमरी, प्रोसेसर यांचे) ठरावीक वेळाने उतरवून घेतो आणि ग्राफाना त्या आकड्यांचे आलेख काढतो. ग्राफाना स्वतः काहीच मोजत नाही. आकड्यांचा स्रोत जोडला नाही तर ते कोरं पान आहे.

गोव्यातल्या मोरजी गावातल्या एखाद्या होमस्टेचं बुकिंगचं पान घरातल्याच छोट्या मशीनवर चालतंय असं धरा. डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) कंटेनरच्या लॉगला, म्हणजे कामाच्या नोंदवहीला, मर्यादा घातलेली नसेल तर लॉगची फाइल वाढतच जाते. तीन आठवडे डिस्क भरत असते आणि कुमाची पट्टी तीन आठवडे हिरवीगार असते. डिस्क भरली की डेटाबेसला लिहिता येत नाही, आणि तेव्हा कुठे लाल दिसतं. तेही नक्की नाही: पान उघडतंय पण खोल्यांची यादी रिकामी आहे, तर साधी एचटीटीपी तपासणी ‘२००’ हा ‘पान मिळालं’ असा कोड बघून समाधान मानते. म्हणून कुमात कीवर्ड प्रकारची तपासणी लावा आणि यादी नीट आली तरच पानावर दिसेल असा शब्द द्या. ग्राफानात मात्र मोकळ्या जागेची रेषा पहिल्या आठवड्यापासून खाली उतरताना दिसते. यावर इलाज सोपा आहे: डॉकरच्या सेटिंगमध्ये लॉगची मॅक्स-साइझ १० एमबी आणि मॅक्स-फाइल ३. ही मर्यादा त्यानंतर नव्याने तयार केलेल्या कंटेनरनाच लागू होते. जुने कंटेनर नुसते रीस्टार्ट करून भागत नाही, ते काढून पुन्हा बनवावे लागतात.

उलटही घडतं. वेबसाइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची (एचटीटीपीएसचं) मुदत संपली, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) चुकलं किंवा राउटर बंद पडला, तरी आतले सगळे आकडे ठणठणीत असतात. प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी, आणि पाहुण्याला मात्र पान उघडत नाही. हे फक्त बाहेरच्यालाच दिसतं. प्रमाणपत्राबाबत तर कुमा २१, १४ आणि ७ दिवस आधी सांगतो. ती खूण चालू करायला विसरू नका.

म्हणून कुमाची जागा घराबाहेर. जून-जुलैत लाइट जाणार हे गोव्यात सगळ्यांनी धरलेलंच असतं. कुमा त्याच मशीनवर असेल तर मशीनबरोबर तोही गप्प होतो आणि तुम्हाला इशारा येतच नाही. चवथीला सगळे मूळ घरी गेलेले असतात आणि सर्व्हर असलेला पर्वरीचा फ्लॅट बंद असतो, तेव्हा इशारा न येणं म्हणजे सगळं ठीक, असंच वाटत राहतं. स्वस्तातला एखादा व्हीपीएस (इंटरनेटवर भाड्याने मिळणारा सर्व्हर) घ्या किंवा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे एक लहान मशीन ठेवा.

इथे एक अडचण येते. घरगुती इंटरनेट कनेक्शनला बऱ्याचदा स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) नसतो, त्यामुळे बाहेरून हाक मारायला दारच सापडत नाही. त्यासाठी कुमात ‘पुश’ हा प्रकार आहे. कुमा एक पत्ता देतो आणि घरचा सर्व्हर दर मिनिटाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) त्या पत्त्यावर हजेरी लावतो. हजेरी चुकली की इशारा. क्रॉनच्या ओळीत आधी स्वतःचं बुकिंगचं पान तपासा आणि ते नीट आलं तरच हजेरी पाठवा, नाहीतर पान बंद आणि हजेरी चालू असा प्रकार होतो. कुमात अंतर ६० सेकंद आणि रीट्राय (इशाऱ्याआधी पुन्हा किती वेळा बघायचं) ३ ठेवा. रीट्राय शून्य ठेवलंत तर वीज क्षणभर लपकली तरी फोन वाजेल, आणि चार दिवसांत तुम्ही इशाऱ्यांकडे बघणंच सोडून द्याल.

प्रॉमेथियस मात्र घरातच हवा, आकड्यांच्या शेजारी. मशीनचे आकडे प्रॉमेथियसला देणारा नोड एक्स्पोर्टर हा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवायचा तर मूळ मशीनचं रूट (सगळ्यात वरचा फोल्डर) फक्त वाचण्यापुरतं आत जोडा आणि पाथ-रूटएफएस हा पर्याय द्या, नाहीतर कंटेनरच्याच डिस्कचे आकडे बघत बसाल. दर १५ सेकंदांनी मोजलं तर एका आकड्याच्या दिवसाला ५,७६० नोंदी होतात. असे १,००० आकडे, मुळात ठरलेली १५ दिवसांची साठवण आणि नोंदीमागे साधारण २ बाइट धरले तर हिशेब १७० एमबीच्या आसपास जातो. म्हणजे साठवण ९० दिवसांवर नेली तरी १ जीबीच्या थोडं वर. इथे कंजुषी करण्यात अर्थ नाही.

कंटेनरमधल्या चुका ठरलेल्या आहेत. ग्राफानात प्रॉमेथियसचा पत्ता म्हणून लोकलहोस्ट (‘हेच मशीन’ असा पत्ता) लिहिला जातो, पण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. कंपोज फाइलमधलं (कंटेनरची मांडणी लिहिलेली फाइल) सर्व्हिसचं नाव आणि ९०९० पोर्ट (प्रोग्रॅमच्या दाराचा क्रमांक) द्या. फोल्डर थेट जोडला आणि ग्राफाना सुरू होताच बंद पडला, तर त्या फोल्डरची मालकी ४७२ क्रमांकाच्या वापरकर्त्याला द्या. प्रॉमेथियससाठी हा क्रमांक ६५५३४. सगळ्यात घातक चूक पोर्टची आहे. कुमासाठी ‘३००१:३००१’ असं लिहिलं की डॉकर तो पोर्ट सगळीकडे उघडतो, आणि यूएफडब्ल्यूमध्ये (लिनक्सची फायरवॉल) बंद केलेला असला तरी तो उघडाच राहतो. व्हीपीएसवर हे फार महागात पडू शकतं, कारण नव्या कुमाचं पान जो पहिला उघडेल तोच अॅडमिन होतो. ‘१२७.०.०.१:३००१:३००१’ असंच लिहा आणि पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरची मागणी घेऊन आत पोचवणारा प्रोग्रॅम) ठेवा. ग्राफानाचा अॅडमिन-अॅडमिन हा पासवर्डही पहिल्या मिनिटालाच बदला.

दोन्ही जागच्या जागी लागले की ते एकमेकांच्या जोडीने वाचता येतात. समजा, रात्री २.१० ते २.४० कुमा लाल होता. वीज गेली की फक्त इंटरनेट? ग्राफानात त्या अर्ध्या तासाची रेषा अखंड असेल तर मशीन यूपीएसवर जागं होतं आणि राउटर बंद पडला होता. म्हणजे राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यायची वेळ आली. रेषेत खंड असेल तर मशीनच बंद होतं. पाच मिनिटांपेक्षा छोटा खंड मात्र दिसत नाही, कारण प्रॉमेथियस शेवटचा आकडा पाच मिनिटांपर्यंत पुढे ओढतो. अशा वेळी मशीन केव्हा सुरू झालं तो आकडा बघा.

घरचं मशीन रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा स्वस्त संगणक) असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यात बॅटरीवरचं घड्याळ नाही, त्यामुळे लाइट आल्यावर ते जुन्या वेळेवर उठतं. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत आलेल्या नोंदी प्रॉमेथियस ‘उलट क्रमाच्या’ म्हणून फेकून देतो, आणि आलेखात खंड खऱ्यापेक्षा लांब दिसतो. शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळाचं मॉड्यूल बसवलं की हा घोळ मिटतो.